दगडी दफ्तर : मूर्तीचा प्रश्न आणि मावळातली लेणी

प्रस्तावना

कार्ल्याच्या चैत्यगृहात पाऊल टाकले की नजर थेट शेवटी उभ्या असलेल्या स्तूपाकडे जाते. सुमारे ३८ मीटर लांबीचे हे दालन डोंगर कोरून केले आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा, वरच्या लाकडी फासळ्या आणि समोरच्या कमानीतून येणारा उजेड ही सगळी योजना त्या स्तूपासाठी आहे. आत बुद्धाची मूर्ती नाही. मात्र बाहेर ओसरीतल्या दर्शनी भिंतीवर, स्त्री-पुरुषांच्या उमद्या जोड्यांच्या शेजारी, बुद्धाच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्या जोड्या आणि आतला स्तूप साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहेत. मूर्ती त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी आल्या. मूर्तींना जागा करून देताना आधीच्या नक्षीचा काही भाग छिलला गेला, हे आजही नीट पाहिले तर कळते.

ज्या उपासकांच्या पिढ्यांनी मूर्तीशिवाय वंदन केले, त्यांच्या वारसांना मूर्ती हवीशी वाटली. हा बदल सहज झाला, की त्यावर संघात चर्चा झाली? कोणी विरोध केला का? छिन्नी चालवायची परवानगी कोणी दिली? कार्ल्याची भिंत यांपैकी कशाचेच उत्तर देत नाही. तरीही हे लेणे मुके नाही. त्याच्या खांबांवर, दारांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत कितीतरी लेख आहेत. कोणता खांब कोणी दिला, दार कोणी घडवले, कोणत्या गावाचे उत्पन्न संघाला लावून दिले, हे त्यांत चोख नोंदलेले आहे. म्हणजे दफ्तर आहे, पण नेमक्या मूर्तीच्या प्रश्नावर ते गप्प आहे. पुढची पाने या दफ्तराविषयी आणि त्याच्या गप्प राहण्याविषयी आहेत.

मूर्तीचा इतिहास आपण बहुधा राजे, आचार्य, शिल्पकार आणि मूर्तिभंजक यांच्या नावाने वाचतो. लिहून ठेवणारा, नकला तपासणारा, भांडाराची यादी सांभाळणारा माणूस त्यात दिसत नाही. माझे म्हणणे असे की मूर्तीच्या प्रश्नावर त्या काळी काय ठरले यात त्याचा वाटा मोठा होता आणि आज आपल्याला काय कळते हे तर जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून आहे. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बायझंटाइन साम्राज्यात. म्हणून मावळात शिरण्याआधी थोडे लांब जाऊन यावे लागेल.

बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडचे रोमन साम्राज्य. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचे इस्तंबूल. तिथे आठव्या शतकात येशूच्या, मेरीच्या आणि संतांच्या चित्रांचा वाद पेटला. चित्रापुढे दिवा लावणे, त्याचे चुंबन घेणे, त्याला वंदन करणे ही भक्ती की मूर्तिपूजा? सम्राट तिसरा लिओ चित्रांच्या विरोधात गेला. धर्मप्रमुख जर्मानोस याला ते मान्य नव्हते, म्हणून ७३० मध्ये त्याला पद सोडावे लागले. लिओचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन याने ७५४ मध्ये हिएरिया इथे ३३८ बिशपांची परिषद भरवून चित्रांविरुद्ध निर्णय करून घेतला. पुढे सम्राज्ञी आयरीनच्या काळात, ७८७ मध्ये, नायसिया इथल्या परिषदेने तो फिरवला. ८१५ मध्ये चित्रांवर पुन्हा बंदी आली आणि ८४३ मध्ये ती कायमची उठली. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या या वादात पदे गेली, माणसे हद्दपार झाली, भिंतींवरची चित्रे पुसली गेली.

पाठ्यपुस्तकात वादाची हकिगत इथेच संपते. नायसियाच्या परिषदेचे कामकाज मात्र आज उपलब्ध आहे आणि ते वाचले की वेगळीच माणसे पुढे येतात : सचिव, पुस्तकपाल, भांडारी, वाचून दाखवणारे डीकन, टिपणे घेणारे लेखनिक. चित्रांच्या बाजूने आणि विरोधात दोघेही जुन्या आचार्यांची वचने पुढे करत होते. तेव्हा खरा प्रश्न असा झाला की ते वचन मुळात तसेच आहे का. हिएरियाच्या परिषदेत हजर राहिलेल्या बिशपांनी नायसियात कबूल केले की त्या वेळी त्यांच्यापुढे मूळ ग्रंथ आणलेच नव्हते; सुट्या चिठ्ठ्यांवर उतरवलेले उतारे वाचून दाखवले होते. नायलस नावाच्या संताच्या पत्राची अशीच काटछाट केलेली नक्कल तिथे वाचली गेली होती. नायसियात म्हणून दंडक झाला : उतारा चालणार नाही, पूर्ण ग्रंथ आणा, त्यातून वाचा, नोंद करा.

त्या परिषदेतला एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. हागिया सोफिया या मुख्य चर्चचा भांडारी दिमित्रियोस साक्षीला उभा राहिला. त्याने सांगितले की पदभार घेताना त्याने भांडाराची यादी जिनसांशी ताडून पाहिली, तेव्हा चांदीने मढवलेले दोन सचित्र ग्रंथ कमी भरले. शोध घेतल्यावर कळले की ते जाळून टाकले होते. आणखी एक ग्रंथ त्याने सभेपुढे ठेवला. त्यातली चित्रांविषयीची पाने कापून काढलेली होती. तेव्हा लिओंतियोस या राजसचिवाने त्याच ग्रंथाच्या पुठ्ठ्याकडे सभेचे लक्ष वेधले. पुठ्ठ्याच्या चांदीवर संतांच्या प्रतिमा तशाच होत्या. कापणाऱ्याने बाहेरच्या प्रतिमा सोडल्या आणि आतला मजकूर नेला. प्रतिमांपेक्षा प्रतिमांची बाजू मांडणारा मजकूर त्याला अधिक धोक्याचा वाटला, हे यातून उघड होते. आणि ही गोष्ट उजेडात आली ती यादी आणि जिन्नस यांचा मेळ घालण्याच्या रोजच्या, रूक्ष कामातून.

त्या काळी दफ्तर सांभाळणाऱ्याला किती वजन होते, हे धर्मप्रमुखांच्या नेमणुकांतही दिसते. नायसियाची परिषद चालवणारा तारासिओस ७८४ मध्ये धर्मप्रमुख होण्याआधी राजदरबारी सचिव होता, धर्मगुरू नव्हता. त्याच्यानंतर ८०६ मध्ये धर्मप्रमुख झालेला निकेफोरोसही राजसचिवच होता. चित्रांची बाजू मांडत त्याने ८१५ मध्ये पद गमावले आणि उरलेले आयुष्य ग्रंथ लिहिण्यात घालवले. चित्रांचा सर्वांत मोठा कैवारी दमास्कसचा जॉन. त्याच्या घराण्यात खलिफांच्या महसुलाचे काम होते. दुसऱ्या बाजूलाही अशी माणसे होती. ८१४ मध्ये सम्राट पाचव्या लिओने चित्रांविरुद्धची वचने जुन्या ग्रंथांतून हुडकून काढण्यासाठी एक मंडळ नेमले. त्यात विद्वान जॉन द ग्रामेरियन प्रमुख होता. दफ्तराची ताकद दोन्ही पक्षांना कळली होती. ज्याने पान कापले तो लेखनविद्येतलाच कोणी असणार आणि ज्याने ते पकडले तोही.

याच परिषदेचा नववा नियम वाचण्यासारखा आहे. चित्रांविरुद्धचे सर्व लेखन धर्मप्रमुखाच्या कार्यालयात जमा करावे आणि इतर पाखंडी ग्रंथांबरोबर ठेवावे, असा तो आहे. लपवणाऱ्याला शिक्षा आहे, पण जमा झालेले जाळून टाका असे तो नियम म्हणत नाही. हिएरियाच्या परिषदेचा निर्णय आज स्वतंत्र प्रतीत कुठेही शिल्लक नाही. तो आपल्याला वाचता येतो तो केवळ नायसियाच्या कामकाजात, कारण खंडन करण्याआधी तो परिच्छेदाने परिच्छेद वाचून नोंदवला गेला. हरलेल्या पक्षाचे म्हणणे जिंकलेल्या पक्षाच्या लेखनिकांनी आपल्यापर्यंत पोहोचवले. ते त्यांनी सहानुभूतीने केले नाही. कामाच्या शिस्तीने केले. इतिहासाला शिस्तीचा उपयोग सहानुभूतीपेक्षा अधिक होतो, असे मला वाटते.

आता मावळ. बोरघाट चढून वर आले की एकमेकांपासून थोड्याच अंतरावर कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. सोपारा आणि कल्याण ही बंदरे देशावरच्या बाजारपेठांशी जोडणारी वाट याच घाटातून जाई. व्यापारी, कारागीर आणि भिक्खू तिच्यावरून ये-जा करत. भाज्याचे चैत्यगृह यांत सर्वांत जुने, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. त्याचे खांब आत कललेले आहेत आणि छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत. त्या लाकडावरही ब्राह्मी अक्षरे सापडली. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी दिवंगत थेरांची नावे कोरलेली आहेत. बेडशालाही गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्खूचा स्तूप आहे आणि तो त्याच्या शिष्याने करवला, असे लेख सांगतो. ज्याच्याविषयी आदर, त्याची मूर्ती केली नाही. त्याचा स्तूप केला आणि नाव लिहिले.

मात्र या काळाला सरसकट मूर्तिविरोधी म्हणणे चूक ठरेल. भाज्याच्या विहारात रथातल्या आणि हत्तीवरच्या स्वारांची भव्य शिल्पे आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर माणसे आहेत, खांबांच्या शिरांवर हत्तींवर बसलेल्या जोड्या आहेत. हात माणूस घडवायला कचरत नव्हता. फक्त बुद्धाची आकृती टाळली गेली. का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वास्तिवादी शाखेच्या विनयग्रंथात, जो चिनी भाषांतरात टिकला आहे, बुद्धाचा उपासक अनाथपिंडिक असे म्हणताना दिसतो की बुद्धाच्या देहाची प्रतिमा करणे योग्य नाही, तर बोधिसत्त्वाची करू द्यावी. म्हणजे निदान एका शाखेत असा संकेत होता. उलट सुझन हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये असे मांडले की ज्या शिल्पांना आपण मूर्तीच्या जागी आलेली चिन्हे समजतो, त्यांतली अनेक प्रत्यक्षात तीर्थस्थळांची आणि तिथल्या उपासनेची दृश्ये आहेत. वाचकाने दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. पुढच्या प्रकरणांत घाईने निवाडा केलेला नाही.

कार्ल्याचे लेख वाचू लागले की माणसांची गर्दी समोर उभी राहते. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हणतो. दारातला सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. धेनुकाकट गावचे यवन एकेक खांब देतात. त्याच गावचा गंधिक, म्हणजे अत्तरे-सुगंधांचा व्यापारी, सिंहदत्त दाराचा खर्च उचलतो आणि सुतार सामी दार घडवल्याचे नोंदवतो. घुणिकाची आई असलेली एक भिक्खुणी दगडी वेदिकेचे दान देते. ती नादिकाने केली, हेही लिहून ठेवले आहे. दान देणारा आणि काम करणारा अशा दोघांचीही नोंद घेणारे हे दफ्तर आहे.

यातला एक खांब जवळून पाहायला हवा. सोपाऱ्याहून आलेल्या, धम्मुत्तरीय शाखेच्या सातिमित नावाच्या भाणकाने तो दिला. भाणक म्हणजे ग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा. लेखात या खांबाला 'ससरीर' म्हटले आहे, म्हणजे धातूसह, पवित्र अवशेषासह. खांबावर कोरलेल्या कमळाच्या गाभ्यात अवशेष ठेवण्यासाठी खोबण आहे. मूर्ती नाही, पण देहाचा अंश आहे आणि तो इथे आहे असे सांगणारी ओळ आहे. अवशेष डोळ्यांना दिसत नाही; तो असल्याचा पुरावा म्हणजे ती ओळ. मूर्तीच्या आधीच्या काळात लेखाला केवढी जबाबदारी पेलावी लागे, ते या एका खांबावरून समजते.

दानाची नोंद एक, राज्याच्या आज्ञेची दुसरी. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने वलुरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. पुढे सातवाहनांनी या प्रदेशावर ताबा मिळवला. तेव्हा त्यांच्याकडून मामाड, म्हणजे मावळच्या, अमात्याला आज्ञा गेली की हेच करजक गाव वलुरकाच्या महासांघिक भिक्खूंना दिले आहे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, ढवळाढवळ करू नये, अशा सवलती नोंदवून घ्याव्यात. राज्य बदलले, शत्रूचे दान नव्या राजाने चालू ठेवले आणि मावळच्या कचेरीत त्याची नोंद झाली. लेण्याचे जगणे त्या नोंदीवर चालत होते.

ही नोंद कशी होई, याचा तपशील नाशिकच्या लेण्यात अधिक स्पष्ट आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८व्या वर्षीची आज्ञा आधी तोंडी दिली गेली, अमात्य शिवगुप्ताने तिचा लेख केला, मग पट्टिका दिली गेली आणि तापस नावाच्या माणसाने ती तयार केली. २४व्या वर्षीच्या आज्ञेचा लेख लोटा नावाच्या प्रतिहारीने, म्हणजे राजद्वारी नेमलेल्या स्त्रीने, केला आणि सुजीवीने निबंध, म्हणजे नोंद, पुरा केला. तोंडी हुकूम, मसुदा, नोंद, तारीख, कोरणाऱ्याचे नाव असा हा क्रम आहे. आज तलाठी कार्यालयातला फेरफार ज्या शिस्तीने होतो, तिचे मूळ रूप इथे आहे. लोटाचे नाव आपल्या शाळकरी पुस्तकांत असायला हवे.

आणि मग पाचव्या-सहाव्या शतकात कार्ल्याच्या भिंतीवर मूर्ती आल्या. खांब देणाऱ्याने, दार घडवणाऱ्याने, वेदिका देणाऱ्या आईने आपापली ओळ ठेवली. मूर्तींसाठी जुनी नक्षी काढायचा निर्णय मात्र कोणी घेतला, कोणाची हरकत होती, हे सांगणारी ओळ कुठेही नाही. नायसियात वादाची नोंद भरपूर राहिली आणि पूर्वीची चित्रे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. कार्ल्यात स्तूपही राहिला, मूर्तीही राहिल्या, पण चर्चेची नोंद राहिली नाही. एका ठिकाणी शब्द भरघोस, दुसऱ्या ठिकाणी दगड भरघोस. एकाच्या आधाराने दुसऱ्याला प्रश्न विचारता येतात आणि या पुस्तकाची पद्धत तीच आहे.

मावळात सगळे गुण्यागोविंदाने झाले, असा गोड निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. देहूरोड-तळेगाव परिसरातल्या शेलारवाडीला सिअगुतनिका या कुणबिणीने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दिल्याचा लेख आहे. आज तिथे शिवाचे ठाणे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्राच्या यात्रेला आगरी-कोळी समाज मोठ्या संख्येने तिथे येतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही ती कुलदेवता. शेंदूर ल्यालेली देवी आणि तिच्यामागचा निराकार स्तूप हे सहअस्तित्व खरे आहे. पण प्रत्येक स्थित्यंतरात कोणीतरी काही काढले, काही बसवले. त्याचे नीट दफ्तर नसल्यामुळे आज दावे-प्रतिदावे होतात. सलोखा पक्का व्हायचा तर त्यालाही पुराव्याचा आधार लागतो.

आणखी एक उदाहरण आपल्या भाषेच्या मुलखातले आहे. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी खाडीपलीकडे अंत्रूज महालात नेले. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये मोडली गेली. त्यांच्या जमिनींवर सरकारचा डोळा होता, म्हणून जमिनींच्या याद्या करवून घेतल्या गेल्या. जप्तीसाठी लिहिलेल्या त्या वह्यांतून आज गावोगावच्या नाहीशा झालेल्या दैवतांची नावे मिळतात. लिहिणाऱ्याचा हेतू वसुलीचा होता. स्मृती टिकली ती त्याच्या नोंदीने.

मावळातला हा ठेवा पुन्हा वाचता आला, तोही नोंदी करणाऱ्यांमुळेच. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख १८८१ मध्ये एकत्र छापले. फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी कार्ल्याच्या लेखांचे वाचन पुढे 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून इथे येत, खांबान् खांब पाहत, धेनुकाकट कुठे असेल याचा पायी शोध घेत. मावळातल्याच पाले इथल्या लेण्यातला अर्हतांना वंदन करून सुरू होणारा जुना जैन लेख ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी वाचला. या सर्वांनी ओल्या कागदाचे ठसे घेतले, अक्षर अक्षर ताडून पाहिले, आधीच्या वाचनातल्या चुका दुरुस्त केल्या. दिमित्रियोसने हागिया सोफियाच्या भांडारात जे केले, तेच काम त्यांनी सह्याद्रीच्या कड्यावर केले.

पुढची प्रकरणे याच क्रमाने आहेत. पहिल्या भागात बायझंटाइन वादातले लेखनिक, दुसऱ्यात मावळातल्या लेण्यांचे लेख, तिसऱ्यात मूर्ती येतानाच्या खुणा आणि शेवटी गोव्यासह महाराष्ट्रातली नंतरची उदाहरणे. ज्याला वेळ कमी आहे त्याने दुसरा भाग आधी वाचावा आणि शक्य तर पुस्तक घेऊन प्रत्यक्ष जावे. मळवलीला उतरून भाजे पायी गाठता येते, कार्ले समोरच्या डोंगरात आहे. तिथे लेख शोधताना दिसेल की दोन हजार वर्षांच्या अक्षरांवर हल्लीच्या सहलकरांनी आपली नावे ओरखडली आहेत. ते पाहून संताप येतो आणि यायलाच हवा. पाने कापणाऱ्या हातात आणि या हातात, परिणामाच्या दृष्टीने, फार फरक नाही.

मूर्ती असावी की नसावी, हा प्रश्न माणसाच्या श्रद्धेइतकाच जुना आहे आणि तो संपणार नाही. वारकऱ्याला विठ्ठलाचे रूप हवे असते, दुसऱ्या कुणाला निर्गुण पुरते. दोघांनाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे. पण वाद प्रामाणिक व्हायचा तर उतारा नव्हे, पूर्ण ग्रंथ समोर हवा. ऐकीव गोष्ट नव्हे, तारीखवार नोंद हवी. आणि न पटणाऱ्या माणसाचे म्हणणेही जसेच्या तसे लिहून ठेवणारा कोणीतरी हवा. देवस्थानाच्या वह्या, ग्रामपंचायतीची इतिवृत्ते, जीर्णोद्धाराआधीची छायाचित्रे सांभाळणारी माणसे आजही गावोगाव आहेत. त्यांचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हे पुस्तक त्यांना आपल्या कामाचे मोल कळावे आणि बाकीच्यांना त्यांचा मान राखता यावा, यासाठी लिहिले आहे.